नीळकंठशास्त्री गोरे यांचे दोन ग्रंथ : ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ व ‘षड्दर्शनदर्पण’

(१) विषयप्रवेश

एकाच पुरुषानें एका धर्ममताच्या खंडनार्थ ग्रंथ लिहावा आणि पुढें पंधरा वर्षांनीं त्याच मताच्या मंडनार्थ दुसरा ग्रंथ रचावा, हा प्रकार विरळा. त्यांतही दोन्ही ग्रंथ आपापल्या पक्षाचे उत्तम नमुने ठरावे, हें तर अधिकच विरळा. काशीचे चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे, पुढें रेव्हरंड नेहेम्या गोरे, यांच्या संबंधांत असें घडलें आहे. इ. स. १८४४-४५ मध्यें त्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मतावर हल्ला केला, इ. स. १८६० मध्यें ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध करून सहाही दर्शनांचें ख्रिस्ती दृष्टीनें परीक्षण केलें.

शास्त्रीबोवांविषयीं आजवर लिहिणारांचे दोन पक्ष पडले आहेत. ख्रिस्ती चरित्रकारांच्या लेखीं त्यांचें खरें आयुष्य इ. स. १८४८ च्या बाप्तिस्म्यापासून सुरू होतें; त्यापूर्वींचा ग्रंथ म्हणजे अंधारांतील एक पाऊल. उलट पक्षीं आपल्या लोकांनीं त्यांस स्वधर्म सोडून गेलेला पंडित म्हणून वहींतून खोडून टाकलें. परिणाम असा कीं, दोन्ही ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याचें काम फारसें कोणीं केलेलें नाहीं. तें थोडक्यांत करून पाहावें आणि त्यावरून शास्त्रीबोवांच्या मतांतरासंबंधानें कांहीं अनुमान निघतें काय तें तपासावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कोणता धर्म खरा, हा निवाडा देण्याचें हें स्थळ नव्हे. वादाचीं साधनें, त्यांचा काल आणि त्यांतील युक्तिवादांची परंपरा हाच इतिहासाचा विषय होय.

(२) पूर्वपीठिका

ख्रिस्ती मताच्या मंडनाची मराठीशीं सांगड फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांतील राचोल येथें आपलें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून प्रसिद्ध केलें. तें ओवीबद्ध असून त्याची घडण प्रश्नोत्तराची आहे. साष्टींतील नवख्रिस्ती ब्राह्मण प्रश्न विचारतो आणि पाद्री पुराणिकाच्या आसनावरून उत्तर देतो. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, हा प्रश्नकर्ता जिज्ञासु आहे, प्रतिवादी नव्हे. त्याचे प्रश्न पाद्रीच्या सोयीचे आहेत. कारण दोघांचीही लेखणी एकाच हातांत आहे.

दुसऱ्या प्रकारचा वाद, म्हणजे ज्यांत प्रतिवादी स्वतःच्या पायांवर उभा आहे असा, मुंबईंत इंग्रजी अंमलांत सुरू झाला. इ. स. १८३१ मध्यें मोरभट्ट दांडेकर यांचा रेव्हरंड जॉन विल्सन यांच्याशीं जाहीर वादविवाद झाला. त्याच वर्षीं मोरभट्टांनीं ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ छापली. विल्सन यांनीं इ. स. १८३२ मध्यें तिच्यावर इंग्रजींत उत्तर लिहिलें. साताऱ्याचे नारायणराव यांनीं ‘स्वदेशधर्माभिमानी’ या लेखानें त्याचा समाचार घेतला आणि इ. स. १८३४ मध्यें विल्सन यांनीं पुन्हां प्रत्युत्तर दिलें. पुढें इ. स. १८५७ मध्यें विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं जे वाद केले ते सर्वश्रुतच आहेत.

हे मुंबईचे वाद देशभाषेंत, जमावासमोर व बहुधा तावातावानें चालत. पुराणांतील कथा, अवतारांचे आचरण, बायबलांतील विसंगति हे त्यांतले नेहमींचे मुद्दे. काशीच्या बाजूस जो वाद उपस्थित झाला त्याचें स्वरूप निराळें होतें. तो संस्कृतांत, श्लोकबद्ध, आणि पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या शास्त्रीय शिस्तीनें झाला. त्यास निमित्त एका स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्याच्या लहानशा पुस्तकाचें झालें.

(३) म्यूर यांची ‘मतपरीक्षा’ व तिला मिळालेलीं उत्तरें

जॉन म्यूर (१८१०-१८८२) हे कंपनी सरकारचे नोकर. संस्कृताचा त्यांचा व्यासंग मोठा. पुढें पांच भागांत निघालेल्या त्यांच्या संस्कृत मूलवचनांच्या संग्रहामुळें आणि इ. स. १८६२ मध्यें एडिंबरो येथें त्यांनीं स्थापन केलेल्या संस्कृत अध्यासनामुळें त्यांचें नांव विद्वानांस परिचित आहे. परंतु तरुणपणीं त्यांचा हेतु धर्मप्रचाराचा होता. इ. स. १८३९ मध्यें कलकत्त्यास बिशप्स कॉलेजच्या छापखान्यांत त्यांची ‘मतपरीक्षा’ निघाली. गुरु व शिष्य यांचा संवाद, अनुष्टुभ् छंद, आणि देवनागरी लिपि असा तिचा थाट आहे. पुढल्याच वर्षीं दुसरी आवृत्ति निघाली, आणि इ. स. १८५२ व १८५४ मध्यें पुष्कळ फेरफार करून ती दोन भागांत पुन्हां निघाली.

म्यूर यांच्या प्रतिपादनाचा कणा असा : जगांत मतें अनेक आहेत व तीं परस्परविरुद्ध आहेत, सबब तीं सर्वच खरीं असूं शकत नाहींत, म्हणून सुवर्णाप्रमाणें त्यांची परीक्षा केली पाहिजे. परीक्षेच्या कसोट्या तीन. मतसंस्थापकाच्या अंगीं अद्भुत कर्में करण्याचें सामर्थ्य असून त्यास विश्वसनीय साक्ष असावी. शास्त्र पवित्र व सदाचारप्रवर्तक असावें. आणि तें कोणा एका जातीसाठीं नसून मनुष्यमात्रासाठीं असावें. या तिन्ही कसोट्यांस ख्रिस्ती शास्त्रच उतरतें, असा त्यांचा निष्कर्ष. हीच पद्धति त्या काळीं इंग्लंडांतील धर्ममंडनाच्या ग्रंथांतून रूढ होती; म्यूर यांनीं तिला श्लोकांचा वेष दिला, एवढेंच.

परंतु वेष संस्कृत दिल्यामुळें एक गोष्ट घडून आली, ती बहुधा म्यूर यांच्या कल्पनेंत आली नसावी. संस्कृतांत लिहिलेल्या ग्रंथाचें खंडन संस्कृतांत करणें हा पंडितांचा पिढीजात धंदा. त्यामुळें लवकरच तीन उत्तरें तयार झालीं.

पहिलें इ. स. १८३९ मध्यें ‘सोमनाथ’ या नांवानें लिहिलेलें ‘मतपरीक्षाशिक्षा’. हा सोमनाथ म्हणजे माळव्यांतील सिहूरचे ज्योतिषी सुबाजी बापू, असें अभ्यासकांनीं ठरविलें आहे. सुबाजी बापू हे भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन यांच्या सहवासांतले पंडित. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ इ. स. १८३६ च्या सुमारास निघाला. त्यांत पौराणिक, सैद्धान्तिक व कोपर्निकसीय अशा तिन्ही भूगोल-खगोलमतांची तुलना आहे. जातिभेदावर टीका करणाऱ्या ‘वज्रसूची’स त्यांनीं दिलेलें उत्तर विल्किन्सन यांनीं मूळ ग्रंथाबरोबरच इ. स. १८३९ मध्यें छापविलें. पृथ्वी फिरते हें मान्य करणारा, पण स्वधर्म न सोडणारा असा हा गृहस्थ. त्यांच्या उत्तराचा सूर समन्वयाचा आहे : ईश्वरानें निरनिराळ्या लोकांस निरनिराळे मार्ग दिले आहेत; ज्यानें त्यानें आपला चालवावा; दुसऱ्याच्या मार्गाची निंदा करणें हेंच मुळीं अनुचित.

दुसरें उत्तर बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांचें ‘मतपरीक्षोत्तर’, कलकत्ता, इ. स. १८४०. यांचा सूर तिखट आहे. जो धर्म अमुक एका वर्षीं निघाला तो खरा धर्म कसा? तत्पूर्वीं जन्मून गेलेल्यांची वाट काय? खरा धर्म सृष्टीबरोबरचा असावा, हा त्यांचा मुख्य आघात.

तिसरें उत्तर आपल्या चरित्रनायकाचें.

(४) ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म इ. स. १८२५ मध्यें झांशीच्या बाजूस काशीपुरा या गांवीं झाला. घराणें कोकणस्थ ब्राह्मणांचें. उत्तरेकडे पेशव्यांच्या अमदानींत जी मराठी मंडळी गेली त्यांपैकीं. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरीं होते. हा नबाब म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या मस्तानीपासूनच्या वंशांतला. तेव्हां गोऱ्यांच्या घराण्याचा पेशवाईशीं संबंध अशा आडवाटेनें शिल्लक राहिला होता. कुटुंब पुढें काशीस स्थायिक झालें, आणि तेथें नीळकंठशास्त्र्यांचें व्याकरण-न्यायादि शास्त्रांचें अध्ययन झालें. मूळच्या शिवोपासनेकडून त्यांचा कल पुढें वैष्णव मताकडे झुकला, असें त्यांचे चरित्रकार गार्डनर सांगतात. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आंतबाहेर त्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला.

या ग्रंथाचा प्रारंभ वादाच्या साधनांपासून आहे, आणि तेंच त्याचें महत्त्व. म्यूर यांनीं बुद्धीची कसोटी पुढें केली होती. शास्त्रीबोवा विचारतात कीं, बुद्धीला हा अधिकार कोणीं दिला? तर्क हा शास्त्राचा सेवक आहे, न्यायाधीश नव्हे. ज्याच्या ठिकाणीं श्रद्धा नाहीं तो कोणत्याही शास्त्रांत दोष काढूं शकेल. आणि ज्याच्या ठिकाणीं श्रद्धा आहे त्यास त्याच वचनाचा अर्थ लागेल. मग ते म्हणतात कीं, तुम्हांस तर्कच पाहिजे असेल तर तो दोन्हीं बाजूंनीं चालतो. तुमच्या शास्त्रासही तो लावून दाखवितों. येथून पुढें त्यांचा खरा हल्ला सुरू होतो.

त्यांतील प्रमुख मुद्दे आज वाचतांही धारदार वाटतात. पहिला विषमतेचा. एक जन्मांध, एक डोळस. एक राजपुत्र, एक भिक्षेकरी. पूर्वजन्म मानला तर हा भेद ज्याच्या त्याच्या कर्मावर जातो. पूर्वजन्म न मानला तर तो सृष्टिकर्त्यावर जातो, आणि ईश्वराच्या ठिकाणीं पक्षपात व निर्दयता हे दोन दोष चिकटतात. दुसरा मुद्दा पशूंचा. ख्रिस्ती मताप्रमाणें पशूंस मनुष्यासारखा आत्मा नाहीं, पाप नाहीं, परलोक नाहीं. तरी तीं दुःख भोगतात हें प्रत्यक्ष आहे. हें दुःख कोणत्या अपराधाबद्दल? तिसरा मुद्दा अनंत नरकाचा. चाळीस-पन्नास वर्षांच्या आयुष्यांत केलेल्या परिमित पापाला अपरिमित शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा, आणि दयाळू तर कसाच कसा?

म्यूर यांच्या मनांतील वाद मुख्यतः ग्रंथप्रामाण्याचा, साक्षीपुराव्याचा आहे. शास्त्रीबोवांनीं तो उचलून मनुष्याच्या सनातन प्रश्नांवर नेऊन ठेविला. दुःख कां? विषमता कां? मेल्यावर न्याय कसा? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत ईश्वरावरील वैषम्य-नैर्घृण्य या दोषांचा जो परिहार आहे, तोच येथें उलटा करून प्रतिपक्षावर टाकलेला आहे. ही खास काशीच्या पाठशाळेंतली चलाखी होय.

ख्रिस्ती मत जगांत उत्पन्नच कां व्हावें, याचीही उपपत्ति त्यांनीं दिली आहे. ईश्वर कांहीं जीवांसाठीं मोहक शास्त्रें निर्माण करतो, ही पुराणांतली जुनी कल्पना. बुद्धावताराच्या कथेंत ती प्रसिद्ध आहे. ती शास्त्रीबोवांनीं नव्या मतास लावली. सुबाजी बापूंनीं ज्यास दुसऱ्या लोकांचा मार्ग म्हटलें त्यास नीळकंठशास्त्र्यांनीं मोहशास्त्र म्हटलें. तरुण पंडिताचा आवेश यांत स्पष्ट दिसतो.

हा ग्रंथ शंभरावर वर्षें अमुद्रित राहिला. उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य ग्रंथसंग्रहालयाचे सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं तो संपादून इ. स. १९५१ मध्यें छापला, आणि तेव्हां कुठें मूळ शब्द अभ्यासकांपुढें आले. म्यूर-प्रकरणाची समग्र छाननी रिचर्ड फॉक्स यंग यांनीं इ. स. १९८१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत केली आहे. या दोन प्रयत्नांवांचून प्रस्तुत विवेचन शक्य झालें नसतें.

(५) कालानुक्रमाचा एक मुद्दा

येथें तारखांकडे बारकाईनें पाहिलें पाहिजे. काशीचे मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडे शास्त्रीबोवांचें जाणें-येणें सुरू झालें तें याच सुमारास. प्रथम ते गेले ते वाद घालून मिशनऱ्यास निरुत्तर करण्यासाठीं. म्यूर हेही इ. स. १८४४ मध्यें कांहीं काळ काशीच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. इ. स. १८४८ च्या मार्च महिन्याच्या १४ व्या तारखेस जौनपूर येथें नीळकंठशास्त्र्यांनीं बाप्तिस्मा घेतला. काशींत गलबला होऊं नये म्हणून स्थळ बाहेरचें निवडलें होतें. वडील व चुलते यांनीं त्यांस परावृत्त करण्याची पराकाष्ठा केली, हें त्यांच्या चरित्रांत आलेंच आहे.

म्हणजे खंडनग्रंथ आणि बाप्तिस्मा यांत अंतर केवळ तीन-चार वर्षांचें आहे. एवढ्या अल्प अवधींत मनुष्य एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास गेला, असें वरवर दिसतें. त्यावरून कोणी मोहाचा, कोणी लोभाचा तर्क करतात. लोभाच्या तर्कास आधार नाहीं. बाप्तिस्म्यानें त्यांचें घर, नातीं व पंडितसभेंतील मान हीं सर्व गेलीं. आमच्या मतें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा निश्चिंत मनाचा ग्रंथच नव्हे. जो आपल्या गढींत सुरक्षित आहे तो शत्रूच्या प्रत्येक बुरुजाची एवढी मोजदाद करीत नाहीं. ख्रिस्ती मताचा इतका खोल अभ्यास ज्यानें केला, त्याचे प्रश्न तेव्हांच त्याच्या स्वतःला टोंचूं लागले होते. ग्रंथारंभींच श्रद्धेविषयीं जो आग्रह आहे, तोही या दृष्टीनें वाचला असतां निराळाच दिसतो. श्रद्धा ज्याची अढळ असते तो तिचें समर्थन पहिल्या प्रकरणांत करीत नाहीं. हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. तथापि पुढील ग्रंथ त्यास पुष्टि देतो.

(६) ‘षड्दर्शनदर्पण’

बाप्तिस्म्यानंतरचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. इ. स. १८५३ मध्यें कन्या झाली आणि लवकरच पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. इ. स. १८५४ मध्यें महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर शिक्षक म्हणून ते इंग्लंडास गेले. तेथें मॅक्समुल्लर यांची व त्यांची भेट झाली. या भेटीची आठवण मॅक्समुल्लर यांनीं उतारवयांत आपल्या हिंदी मित्रांविषयीं लिहितांना नमूद करून ठेविली आहे. परत आल्यावर इ. स. १८६० मध्यें त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ निघाला. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञानें त्याचें इंग्रजी भाषांतर इ. स. १८६२ मध्यें कलकत्त्यास छापलें, आणि युरोपांत ग्रंथकाराची कीर्ति झाली ती याच भाषांतरामुळें.

ग्रंथाचे तीन विभाग आहेत. पहिल्यांत सांख्यादि दर्शनें, दुसऱ्यांत न्याय-वैशेषिक, तिसऱ्यांत वेदान्त. सांख्यांनीं ईश्वरच मानला नाहीं, तेव्हां त्यांच्याशीं वाद त्या मुळाशींच आहे. नैयायिकांनीं ईश्वर मानला, परंतु परमाणु व जीव हेही अनादि मानले. मग असा ईश्वर कुंभारासारखा घडविणारा झाला, निर्माण करणारा झाला नाहीं. वेदान्तावरील विभाग सर्वांत मोठ्या ताकदीचा आहे. पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशा सत्तेच्या तीन कोटी कल्पिणें हेंच त्यांच्या मतें वेदान्ताचें मर्म व हाच त्याचा दोष. एकच वस्तु व्यवहारांत खरी आणि परमार्थतः नाहीं, असें म्हणणें म्हणजे ‘आहे’ या शब्दाचा अर्थ दोनदां बदलणें. पाप व्यावहारिक, दुःख व्यावहारिक, ईश्वराची दयाही व्यावहारिक. मग भक्तानें शेवटीं हात जोडावे कोणाला? आणि ज्या ब्रह्मास जाणण्याजोगें दुसरें कांहीं नाहीं त्यास ज्ञानरूप म्हणण्यांत अर्थ कोणता?

येथपर्यंतचें खंडन जगप्रसिद्ध आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें तें त्यांनीं पूर्वजन्माविषयीं जें लिहिलें तें. पंधरा वर्षांपूर्वीं हाच त्यांचा सर्वांत बळकट बुरुज होता. आतां ते आंतून त्याच्या भिंती तपासतात. दुःख दिसलें कीं तें शिक्षाच असलें पाहिजे, हें गृहीत कशावरून? दुःखाचीं कारणें ईश्वराच्या योजनेंत दुसरींही असूं शकतील, आणि तीं सर्व आपणांस कळलींच पाहिजेत असें नाहीं. शिवाय ज्या अपराधाची अपराध्यास आठवणच नाहीं, त्याच्या शिक्षेनें सुधारणा ती काय होणार? आणि कर्माची परंपरा अनादि म्हटल्यानें पहिल्या विषमतेचें उत्तर मिळत नाहीं. तें केवळ मागें ढकललें जातें.

आतां दोन्ही ग्रंथ समोरासमोर ठेवावे. इ. स. १८४४ मध्यें ते म्हणत होते कीं, मनुष्याच्या तर्कानें शास्त्राचा न्याय करूं नये. इ. स. १८६० मध्यें ते म्हणतात कीं, मनुष्याच्या तर्कानें ईश्वराच्या योजनेचें मोजमाप करूं नये. तर्क दोन्हीकडे तितक्याच कुशलतेनें वापरलेला आहे आणि दोन्हीकडे त्याला एकाच उंबरठ्यावर थांबविलेलें आहे. बदललें तें उंबरठ्यापलीकडचें दैवत. प्रश्नांची यादी, वादाची शिस्त आणि बुद्धीच्या मर्यादेची जाणीव हीं तिन्ही तशींच राहिलीं. ख्रिस्ती झाल्यावरही शास्त्रीबोवा काशीचे नैयायिकच राहिले, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

(७) उत्तरायुष्य

तिसरा जुना प्रश्न, अनंत नरकाचा, त्यांस सोडून गेला नव्हता. इ. स. १८६८ मध्यें कलकत्त्यास त्यांनीं याच विषयावर इंग्रजींत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांचा परामर्श आहे. या आक्षेपांचा जो सर्वांत कडवा पुरस्कर्ता कधीं काळीं होऊन गेला, तो स्वतः उत्तर देणाराच होता. चोवीस वर्षांनींही त्याच प्रश्नावर पुस्तक लिहावेंसें वाटावें, यावरून तो त्यांच्या अंतःकरणांत किती खोल रुतला होता हें दिसून येतें. त्याच वर्षीं ते डीकन झाले आणि इ. स. १८७० मध्यें प्रीस्ट. पुढें ऑक्सफर्डजवळील कौली येथील संन्यासी-संघांत ते उमेदवार म्हणून दाखल झाले; परंतु अखेरचें व्रत त्यांनीं घेतलें नाहीं.

उत्तरायुष्यांत त्यांचा रोख ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्याकडे वळला. मुंबई व पुणें येथें या मंडळींपुढें केलेलीं त्यांचीं चार व्याख्यानें इ. स. १८७५ मध्यें छापलीं गेलीं. ईश्वर एक, दयाळु व न्यायी आहे हें समाजिस्टांस मान्य, पण त्यास ग्रंथाचा आधार नको. शास्त्रीबोवा विचारीत कीं, केवळ बुद्धीनें हें ज्ञान होतें तर पूर्वींच्या महापंडितांस तें कां झालें नाहीं? येथें पुन्हां तोच जुना धागा : केवळ तर्कावर श्रद्धेची इमारत उभी राहत नाहीं.

पुण्यांतच त्यांचा पंडिता रमाबाईंशीं परिचय झाला. रमाबाईंनीं इ. स. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडमध्यें वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निश्चयास शास्त्रीबोवांच्या संवादाचें व लेखांचें साहाय्य झालें होतें. दोघेही संस्कृतविद्येंत वाढलेलीं मराठी माणसें. रमाबाईंस त्यांचा युक्तिवाद लागू पडला याचें कारण, आमच्या समजुतीनें, तो परक्या साच्यांतला नव्हता हें होय.

आणि तरीही या मंडनकर्त्यास स्वतःच्या शंकांपासून अखेरपर्यंत सुटका मिळाली नाहीं. मनाच्या या यातनांची साक्ष गार्डनर यांनीं इ. स. १९०० मध्यें लिहिलेल्या चरित्रांत ठिकठिकाणीं आहे. प्रतिपक्षाचें उत्तर जो प्रतिपक्षाहूनही चांगलें जाणतो, त्यास आपल्या उत्तरावर समाधान मानून झोंप कशी लागावी? इ. स. १८९५ च्या आक्टोबर महिन्याच्या २९ व्या तारखेस मुंबईंत त्यांचा अंत झाला.

म्यूर यांची वाट मात्र उलट दिशेनें गेली. तरुणपणीं हिंदु शास्त्रांची परीक्षा घेणाऱ्या या गृहस्थानें इ. स. १८७५ मध्यें संस्कृत ग्रंथकारांच्या नीति व धर्मविषयक वचनांचे पद्यानुवाद प्रसिद्ध केले. परीक्षकास परीक्षित शास्त्राविषयीं आदर वाटूं लागला, आणि उत्तर देणारा परीक्षकाच्या धर्मांत गेला. वादांत जय कोणाचा झाला हें यावरून कोणीं ठरवावें?

(८) उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. नीळकंठशास्त्र्यांच्या दोन ग्रंथांकडे एक भ्रम व एक साक्षात्कार, किंवा एक स्वधर्मनिष्ठा व एक स्वधर्मद्रोह, या दृष्टीनें पाहणें चूक आहे. ते एकाच दीर्घ चिंतनाचे दोन खंड आहेत. जो ‘षड्दर्शनदर्पण’ वाचतो पण ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ वाचीत नाहीं, त्यास ग्रंथकार कोणाशीं वाद घालीत आहे हेंच कळणार नाहीं. कारण त्यांतला मुख्य पूर्वपक्षी ग्रंथकार स्वतःच आहे. स्टीफन्सच्या पुराणांत प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा एकाच लेखणीचे होते, पण प्रश्न सोपे होते. येथें दोघे एकाच हृदयाचे आहेत, आणि प्रश्न तर मुळींच सोपे नाहींत.

शास्त्रीबोवांनीं संस्कृत, हिंदी व इंग्रजी या भाषांत मुख्य लेखन केलें, म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांस जागा मिळाली नाहीं; इंग्रजी ग्रंथांत ‘काशीचा पंडित’ एवढेंच वर्णन आल्यानें त्यांचें मराठीपण झांकलें गेलें. ही उणीव भरून निघणें इष्ट आहे.

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंती. आपल्याकडे पोथी जुनी म्हणजे मोलाची, आणि एकोणिसाव्या शतकांतल्या कागदावरची म्हणजे रद्दी, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ याच समजुतीपायीं कायमचा नाहींसा झाला असता. माळवा, बुंदेलखंड, काशी, नागपूर येथील मराठी घराण्यांच्या रुमालांत ‘मतपरीक्षा’, ‘मतखंडन’, ‘धर्मस्थापना’ अशा मथळ्यांचीं सुटीं पानें सांपडल्यास तीं अर्वाचीन म्हणून बाजूस टाकूं नयेत. पुष्पिका, लेखनकाल, कागदावरील पाणछाप व लेखकाचें नांव यांची टिपणें करून तीं मंडळांच्या दप्तरीं लावावीं. सुबाजी बापूंसारख्या पुरुषांचें आणखी कांहीं लेखन अशाच एखाद्या बासनांत दडलेलें असणें अशक्य नाहीं. तें उजेडांत येईल तेव्हां या वादाचा इतिहास आजच्याहून पूर्ण लिहितां येईल. तोंपर्यंत हा अल्प प्रयत्न विद्वानांनीं तपासून घ्यावा आणि यांत चूक आढळल्यास ती साधार दाखवावी, अशी प्रार्थना करून लेख पुरा करतों.